टेक्सासची वीज सोसायटी: 'सभासद' म्हणजे नक्की काय?

नवी_पेरणी: ऑस्टिनपासून तासाभरावर, जॉन्सन सिटीजवळ घर घेतलंय. वीजजोडणी मागितली तर पेडर्नालेस इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्हने मला सभासदच करून घेतलं. हे काय असतं?

श्रीरामपूरकर: अहो, तुम्ही आता त्या संस्थेचे मालक झालात! संचालकांच्या निवडणुकीचा कागद येईल, तो टाकून देऊ नका. एका सभासदाला एक मत. वर्षाची शिल्लक वापराच्या प्रमाणात तुमच्या नावे जमा होते, हातात पडायला मात्र वेळ लागतो.

१९३५ साली अमेरिकेत दहातल्या नऊ शेतांवर वीज नव्हती. मैलभर तारा ओढून दोन-चार घरं मिळणार, म्हणून कंपन्या फिरकत नव्हत्या. मग १९३८ मध्ये तिथल्या लोकांनी सरकारी कर्ज घेऊन ही संस्था उभी केली. खासदार लिंडन जॉन्सन यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता.

माझ्या लहानपणी आमच्याकडे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचं बिल यायचं. २०११ ला वितरण महावितरणकडे गेलं, त्या दिवशी वडील जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

नवी_पेरणी: कागद जपून ठेवते. मतदान ऑनलाइन होतं का?

श्रीरामपूरकर: होतं. पण शक्य असेल तर सभेला जाच.