मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात कॉफी मचूळ लागते, बिया बदलू की पाणी?

गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात, जमिनीखालचं पाणीच खारं. घरी दोन-तीन कपांचा स्टीलचा फिल्टर, मिक्सर आणि लहान वजनकाटा आहे. विजेवरचं यंत्र नको, लाईटचा भरवसा नाही. पूड ८०:२०, चिकोरीवाली. डिकॉक्शन (फिल्टरमधून ठिबकणारा कॉफीचा अर्क) पाच मिनिटांतच उतरतं, पातळ येतं आणि चव मचूळ. घरच्या मोठ्यांना म्हशीच्या दुधाची कॉफी लागते, मला काळी, बिनसाखरेची. दोन्हीला एकच बी चालेल का? चिखलदऱ्याची कॉफी काळी प्यायला कशी? आणि मिक्सरवर दळलेली चालते का?

प्रतिसाद १

भाऊ, बिया राहू द्या, आधी पाणी पाहा. ज्या गंजात पाणी उकळता त्याच्या तळाला पांढरा थर बसतो ना? तो क्षारांचा. असं पाणी कॉफीतली आंबट-फळासारखी चव मारून टाकतं, म्हणून महागातली बीसुद्धा मचूळच लागेल. उकळल्यानं थोडा चुना खाली बसतो, पण खारेपणा जात नाही. उलट पाणी आटलं की वाढतो. एकच पूड, एक कप बोअरच्या पाण्यात आणि एक आरओच्या कॅनच्या पाण्यात करून बघा, फरक लगेच कळेल. टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, १०० ते २०० मिलिग्रॅम असलेलं पाणी उत्तम. आरओचं फारच खाली, ३०-४० वर असेल तर कॉफी पोकळ लागते. त्यात धरणाच्या नळाचं गोडं पाणी मिसळा, बोअरचं नको.

पाच मिनिटांत उतरतं म्हणजे पूड जाड आहे किंवा दाबलेली नाही. २० ग्रॅम पूड घ्या, वरची चकती हलक्या हातानं टेकवा. उकळी थांबल्यावर आधी ३० मिली पाणी गोल फिरवून घाला, अर्धा मिनिट पूड फुगू द्या, मग ९० मिली. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून हाती ८० मिलीच येईल. त्याला १५-२० मिनिटं लागली पाहिजेत. थेंबच पडेना तर पूड फार बारीक आहे. चकती जोरात दाबल्यानंही तेच होतं.

प्रतिसाद २

एकच बी दोन्हीला नका घेऊ. म्हशीचं दूध दाट, त्यात हलकी भाजलेली अरेबिका (सौम्य चवीची जात) हरवून जाते. दुधासाठी मध्यम-गडद भाजणी, थोडी रोबस्टा (कडक, कडू जात) मिसळलेली, किंवा मॉन्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी वाऱ्यात फुगवलेली बी. ४० मिली डिकॉक्शनला १०० मिली गरम दूध. काळीसाठी चिकमगळूरची ‘धुतलेली’ (वाळवण्याआधीच फळाचा गर पाण्यानं काढलेली) अरेबिका, मध्यम भाजणी, चिकोरी अजिबात नको. ही फिल्टरमध्ये करूच नका: १५ ग्रॅम जाड पूड, २४० मिली पाणी, झाकण ठेवून ४ मिनिटं, मग गाळा.

चिखलदऱ्याची जरूर घ्या, आपल्याच मेळघाटातली आहे. पण भाजल्याची तारीख विचारा आणि आधी १०० ग्रॅमच घ्या. नुसती पूड देत असतील आणि तारीख सांगता येत नसेल तर सोडा.

मिक्सर चालतो. ३० ग्रॅमपेक्षा कमी बिया टाकू नका, पात्याखाली येत नाहीत. दोन-दोन सेकंद फिरवा, मध्ये भांडं हलवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि पूड करपट होते. फिल्टरला बारीक रव्यासारखी, काळीला ज्वारीच्या कण्यांसारखी. त्याआधी मूठभर तांदूळ फिरवून भांडं पुसा, नाहीतर मसाल्याचा वास उतरतो.

धागाकर्ता

कॅनचं पाणी आणतो. पण उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा बिया ठेवू कुठे?

प्रतिसाद २

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात नको, ओल आणि भाजीचा वास धरतात. आठवड्याला लागतील तेवढ्याच, १०० ग्रॅमच्या पुड्या करा, हवा काढून घट्ट बंद करा आणि बर्फाच्या कप्प्यात टाका. एक पुडी बाहेर काढली की तिचा गारवा पूर्ण जाईपर्यंत फोडू नका, नाहीतर बियांवर दव धरतं. ती परत आत ठेवायची नाही. फोडलेल्या पुडीतल्या बिया बरणीत भरून माठाजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, पण ओल लागणार नाही इतकी लांब.