तहानेचा धसका आणि क्षारपड जमीन

चूक सुधारताना माणूस दुसरे टोक गाठतो तो केवळ आवेगामुळे, असे म्हटले जाते; मला त्यामागे धसका अधिक दिसतो. सांगली-कोल्हापूरकडचा कृष्णाकाठ पाहा. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी उभी पिके करपताना पाहिली, त्यांच्या शिवारात पुढे उपसा योजनांचे पाणी आले, तेव्हा उसाला पाणी कमी पडू द्यायचे नाही, हेच त्यांनी मनाशी धरले. खोल काळ्या जमिनीत मोकाट पाटपाणी मुरत राहिले, भूजल वर चढले आणि त्यासोबत आलेले क्षार बाष्पीभवनानंतर पृष्ठभागावर साचले. वाळवा तालुक्यातील माझ्या मामांच्या रानात उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो. पायाखाली तो कुरकुरतो आणि तिथे ऊस वीतभरही वाढत नाही. आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून तेच पाणी बाहेर काढावे लागते, आणि तो खर्च लहान शेतकऱ्याला एकट्याने पेलत नाही. मामांना मी अविचारी म्हणणार नाही, कारण कोरडी विहीर त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. किती पाणी पुरे, हे मात्र त्यांना वेळेवर कुणी सांगितले नाही.