कॅमोमाईल चहानं पेशी खरंच वाचतात का?

धरमपेठकर: राजेहो, बर्डीच्या बाजारातून कॅमोमाईल चहाचा डबा आणला, त्यावर लिहिलंय अँटिऑक्सिडंट, फ्री रॅडिकल्सपासून पेशींचं रक्षण वगैरे. आईला रोज देऊ का? ती रक्त पातळ व्हायची वॉरफरिन घेते.

बॉटनीवाली: दादा आधी गोळीचं बघा, वॉरफरिनसोबत कॅमोमाईल घेऊन आतून रक्तस्राव झाल्याची नोंद आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. बाकी डब्यावरचं अगदीच खोटं नाही, फ्री रॅडिकल म्हणजे असा अणू-रेणू ज्यात एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो, तो रेणू जोडी जमवायला पेशीच्या आवरणातून नाहीतर डीएनएतून इलेक्ट्रॉन ओढतो आणि तिथे नुकसान होतं, फुलातली एपिजेनिनसारखी फ्लेव्होनॉइड्स (झाडातली संयुगं) स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन त्याला थंड करतात, म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. पण हे दिसलंय मुख्यतः लॅबमधल्या पेशींत नि उंदरांत, कपभर चहातून शरीरात पोचतं थोडंसंच.

खामल्याचा_भाऊ: हाव ना, अन् गाजरगवताची ॲलर्जी असेल तर जपून बरं, हे त्याच खानदानातलं, झेंडू शेवंतीचं. आमच्या काकूचे ओठ खाजून खाजून लाल झालते.

धरमपेठकर: बाप रे. मग मीच पितो. उकळायचा का?

बॉटनीवाली: नाही हो, उकळतं पाणी ओतून झाकण ठेवा, 5-10 मिनिटं. अन् संत्री खा की, व्हिटॅमिन सी पण अँटिऑक्सिडंटच आहे, डब्यापेक्षा स्वस्त पडेल.