प्रेग्नन्सीतली शुगर : सोलापूरच्या बायांनो, तुम्ही कसं निभावलं ते लिहा

विजापूर_रोड
सव्विसावा आठवडा चालू आहे आणि परवा शुगरचा रिपोर्ट आला. 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात ना, ती टेस्ट. 140 च्या आत पाहिजे, माझी 168. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं की वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, जे हार्मोन्स येतात ते इन्सुलिनला धड काम करू देत नाहीत, सगळ्याच गरोदर बायकांत हे होतं, फक्त काहींचं शरीर तेवढं जास्तीचं इन्सुलिन तयार करून भरून काढतं आणि काहींचं नाही काढत. आता दोन आठवडे नुसता आहार आणि चालणं, मग परत तपासणी. हे सगळं ऐकून जरा शांत होऊन घरी आले तर सासूबाई म्हणतात, तरी म्हणलं होतं पेढे कमी खा. अहो मी पेढे खातच नाही! तर ज्यांना झाली होती त्यांनी लिहा, काय खाल्लं, घरच्यांना कसं पटवलं, सुईवर जायची वेळ आली का. सल्ले नकोत, ते घरात भरपूर आहेत. स्वतःचं काय झालं तेवढं सांगा.

कडक_भाकरी
माझा मुलगा आता बालवाडीत जातो, त्याच्या वेळची गोष्ट. आमचं माहेर मंगळवेढ्याकडचं, घरची मालदांडी ज्वारी, त्यामुळं शुगर म्हणल्याबरोबर सगळ्यांचं एकच सुरू, भात बंद, चपाती बंद, भाकरी खा पाहिजे तेवढी. आणि आमच्या आईची भाकरी म्हणजे ताट झाकून जाईल एवढी, तशा दोन. दोन तासांनी मशीनवर बोट टोचलं तर 151, रोजच्या जेवणानंतर पाहिजे 120 च्या आत. आई मशीनकडंच संशयानं बघायला लागली. पुढच्या खेपेला आईला घेऊनच आहारतज्ज्ञ मॅडमकडं गेले. त्यांनी काही बंद केलं नाही, फक्त ताट मांडायला शिकवलं, म्हणजे आधी काकडी-मुळा संपवायचा, मग मोड आलेली मटकी किंवा घट्ट वरण, आणि मग भाकरी, एकच, तीही लहान. भाकरी चांगलीच पण शेवटी धान्य आहे ना, पिठूळच. तसं जेवले त्या दिवशी 117 आलं आणि आईनं तो आकडा शेजारणीला जाऊन सांगितला, पहिला नंबर आल्यासारखा.

शेंगाचटणी चालते का असं सगळ्या विचारतात. चटणी चालते हो, तिच्या नादानं भाकरी किती आत जाते ते बघा.

नाष्ट्याचं मात्र मला जास्त जड गेलं. सकाळी शरीर तसंही इन्सुलिनला दाद देत नाही, त्यात मला मुरमुऱ्याची सुशीला लै आवडते आणि मुरमुरे म्हणजे खाल्ले की लगेच साखर. शेवटी मुगाचं धिरडं नाहीतर एक धपाटा आणि दही यावर गाडी बसली. चहा बिनसाखरेचा, त्याला मी अजूनही चहा म्हणत नाही. संक्रांत मधेच आली, तिळगूळ हातात घेतला की घरातल्या सगळ्यांचे डोळे माझ्यावर, त्यापेक्षा गड्ड्याची जत्रा बरी, तासभर पायी फिरले, काही खाल्लं नाही, घरी येऊन जेवले तर त्या रात्रीचा आकडा अख्ख्या महिन्यात चांगला. नुसतं भाकरी-भाकरी करत बसण्यापेक्षा जेवणानंतरचं चालणं मला जास्त लागू पडलं, तुमचं वेगळं असू शकेल.

अशोक_चौक
आम्ही घरात तेलुगू बोलतो आणि भाताशिवाय जेवण झालं असं आमच्यात कुणी धरत नाही. गंमत म्हणजे भात वाटीनं मोजून घेतला तर माझी जेवणानंतरची शुगर व्यवस्थित यायची. भानगड सकाळची होती. उपाशीपोटी 95 च्या आत पाहिजे, माझी 103, 106, असंच. जाऊबाई म्हणाल्या रात्री जेवूच नको म्हणजे कमी येईल. डॉक्टरांनी ते ऐकून कपाळावर हात मारला, उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळतं, लघवीत किटोन येतात, ते आणखी वाईट, आणि लिव्हर रात्रभर साखर सोडतच असतं, ते काय तुमच्या जेवणाची वाट बघत नाही म्हणाले. झोपताना दूध आणि मूठभर फुटाणे घेऊन बघितलं, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. मी पथ्यात कुठंच चुकले नव्हते, तरी लागलं. हे लिहायचंच होतं म्हणून आले.

जुळे_सोलापूर
मी नवरा आहे, लिहिलं तर चालेल ना? बायकोला आठव्या महिन्यात इन्सुलिन सांगितलं आणि तो नेमका मे महिना, बाहेर 43. मित्र म्हणला काय बे, आता आयुष्यभर लागलं की. नाही लागत बे, बहुतेकींचं डिलिव्हरी झाली की बंद होतं, आणि इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, हे मी स्वतः डॉक्टरांना दोनदोनदा विचारून घेतलं तेव्हा कुठं आमच्या वडिलांची बडबड थांबली. माझं काम एवढंच, बाटली सांभाळणं. फ्रिजच्या दारात ठेवायची, वरच्या बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठली की वाया. लाईट गेली की प्लास्टिकच्या डब्यात घालून ओल्या माठात. गावी जाताना डब्याला ओलं फडकं, आणि गाडीच्या डिकीत चुकूनही नाही. एकदा संध्याकाळी तिला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, बघतो तर 61. लगेच पाण्यात तीन चमचे ग्लुकोज, मग जेवायला वाढलं. तेव्हापासून ग्लुकोजची पुडी माझ्या खिशात, तिच्या पर्समधे आणि सासुरवाडीतल्या देव्हाऱ्याशेजारी.

आशाताई
माझा अनुभव माझ्या बायांचा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, पहिल्या भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत परत. पहिली चांगली आली की दुसरीला येतच नाहीत, मी दारात जाऊन बसते. त्या टेस्टला उपाशी यावं लागत नाही, हे दहा वेळा सांगावं लागतं. ग्लुकोज पिऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत करायची, बाया सांगत नाहीत, गुपचूप तोंड धुऊन येऊन बसतात. माझ्याकडं विडी वळणाऱ्या बऱ्याच आहेत, सूप मांडीवर घेऊन दिवसभर बसून. त्यांना रोज अर्धा तास चाला म्हणणं सोपं आहे, हजार विड्या कोण पुऱ्या करणार? म्हणून मी म्हणते जेवल्यावर दहा मिनिटं गल्लीच्या टोकापर्यंत, तीन वेळा जेवता तर झाला की अर्धा तास. एकीनं तर चालता चालता पानं आणायचं कामच स्वतःकडं घेतलं. महिन्याच्या 9 तारखेला डॉक्टरांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

दोनदा_झाली
डिलिव्हरीनंतरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सगळे म्हणायचे शुगरचं बाळ दांडगं असतं, माझी मुलगी 3 किलोला थोडी कमीच. जन्मल्यावर तिच्या टाचेला टोचून शुगर बघायचे, पोटात आईची जास्तीची साखर मिळालेली असते म्हणून बाळ स्वतः इन्सुलिन जास्त करतं, बाहेर आल्यावर तिची एकदम खाली जाऊ शकते. मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, टोचल्यावर ती रडली आणि मी तिच्यापेक्षा जास्त. तुम्ही आधीच विचारून ठेवा आणि पहिल्या तासाभरातच अंगावर घ्या.

नंतर बाळंतविडा. डिंकाचे लाडू, गुळातलं अळीव, वर तूप, आणि वाक्य एकच, आता बाळ झालं, आता कसली शुगर. खरंय, माझी दुसऱ्याच दिवशी नॉर्मल आली होती, पण सहा आठवड्यांनी तीच ग्लुकोजची टेस्ट परत करायची असते आणि तेव्हा तान्ह्या बाळाला टाकून दोन तास लॅबमधे कोण बसतं! मी बाळ घेऊनच गेले, तिथंच पाजलं. नॉर्मल आली. दुसऱ्या वेळी पहिल्या भेटीतली चांगली, सहाव्या महिन्यात परत चढली, ह्यावेळी घरात कुणी पेढ्याचं नाव काढलं नाही. आता दरवर्षी तपासते, पुढं कायमची शुगर लागायचा धोका आपल्याला इतरांपेक्षा जास्त असतो म्हणून. लाडवांचं म्हणाल तर आईनं मेथी-डिंकाचे केले, गूळ निम्म्यानं कमी, आकार सुपारीएवढा. कडू झाले होते, खाल्ले.