काटोलमधील संत्र्यासाठी जमिनीची योग्यता : उथळ माळरानेही ‘मध्यम योग्य’ का?

प्रश्न :
काटोल तालुक्यात (जि. नागपूर) संत्रा बागांसाठी जमीन कितपत योग्य आहे, हे दाखवणारा नकाशा मी क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणक प्रणालीत तयार करीत आहे. मातीची खोली, निचरा, चुनखडीचे प्रमाण आणि उतार या नकाशा-थरांना त्यांच्या महत्त्वानुसार भारांक दिले. परंतु वीतभर खाली मुरूम लागणारी माळरानेही ‘मध्यम योग्य’ म्हणून रंगली आहेत. शिवाय उतार जवळपास सर्वत्र ८९ अंश दिसतो!

उत्तर १ :
उंचीचा थर अक्षांश-रेखांशातच राहिला असावा. त्यामुळे आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये मोजली जाते. थर यूटीएम ४४ उत्तर या मीटरमध्ये अंतर मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणात आणून उतार पुन्हा काढावा.

उत्तर २ :
भारित सरासरीत एका घटकाची उणीव दुसरा घटक भरून काढतो. म्हणजे सपाट उतार आणि चांगला निचरा यांचे गुण उथळ मातीला झाकून टाकतात, पण झाडाच्या मुळांना असा हिशेब मान्य नसतो. म्हणून खोलीची किमान मर्यादा ठरवून त्याखालील क्षेत्र आधीच ‘अयोग्य’ म्हणून वगळावे आणि भारांक केवळ उरलेल्या क्षेत्रालाच लावावेत. भारांक जोडीनिहाय तुलनेतून (दोन-दोन घटकांत कोणता अधिक महत्त्वाचा हे ठरवून) काढले असल्यास सुसंगतता गुणोत्तर, म्हणजे या तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत हे सांगणारा आकडा, ०.१० पेक्षा कमी आहे ना, हेही पाहावे.

उत्तर ३ :
मृदा नकाशाचे प्रमाण कोणते? १:२,५०,००० असल्यास कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. त्याचे ३० मीटरचे चौकोन पाडले तरी बांधापुरता तपशील मिळत नाही.

प्रश्नकर्ता :
प्रमाण तेच आहे. उतार सुधारला, आता खोलीसाठी काही ठिकाणी खड्डे घेऊन पाहतो.