कॉन्व्हेंटमधला धर्माचा तास

एका ताईंनी विचारलंय, कॉन्व्हेंट शाळेत मुलीला ख्रिस्ती धर्माच्या तासाला बसवतील का? ताई, संविधानाचं कलम २८(३) पाहा. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलांना धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मी सोलापुरात अशाच शाळेत शिकले. कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जायच्या, आम्ही मूल्यशिक्षणाला. नाताळात येशूजन्माचा गव्हाणीचा देखावा करायला मात्र सगळ्याच, आणि लगेच जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा! मैत्रिणींचा वायसीएसचा (यंग ख्रिश्चन स्टुडंट्स या विद्यार्थी संघटनेचा) गट होता. ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही त्या गटाची रीत, बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी घालून दिलेली. त्यातूनच मैत्रिणी विडी कामगारांच्या मुलांचा अभ्यास घ्यायच्या. मला ते आजही फार मोलाचं वाटतं. प्रवेशाच्या वेळी संमतीपत्र दिलं, तर नीट वाचूनच सही करा.