नोटेवर कोण असावं, काय असावं? आपापला अनुभव सांगा

धागा सुरू करतेय, तर पहिला अनुभव माझाच. माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. 1928 पासून तिथं नोटा छापल्या जातात आणि आमच्या भागातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. वडील कामाबद्दल घरात चकार शब्द बोलत नसत. पण पाच रुपयांची हिरवी नोट हातात आली की ती उलटी करून पाहायचे. मागे सूर्य उगवतोय आणि शेतकरी ट्रॅक्टरनं नांगरतोय. आमचं मूळ घर निफाडकडचं, शेतीतलं. "हा आपला माणूस," एवढंच म्हणायचे. गांधीजींबद्दल त्यांना अपार आदर होता, तरी मागच्या बाजूचा तो बिननावाचा शेतकरी त्यांना जास्त जवळचा वाटे. म्हणून विचारते: तुम्ही जिथं राहता तिथल्या नोटेवर कोण आहे? आणि कोण असायला हवं होतं?

टोकियोहून

इथं 3 जुलै 2024 ला नव्या नोटा आल्या. कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, पैसे हातात देत नाहीत, गल्ल्यापाशी छोटा ट्रे असतो त्यात ठेवतात. त्या ट्रेमध्ये हजार येनची नवी नोट पहिल्यांदा पाहिली, तेव्हा शेजारच्या जपानी मैत्रिणीला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, कितासातो शिबासाबुरो, जंतुशास्त्रज्ञ. 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगची साथ आली तेव्हा तिथं जाऊन त्यांनी प्लेगच्या जंतूचा शोध घेतला.

मी पुण्याची. प्लेग म्हटलं की आमच्या घरात अजून आवाज खाली येतो, पणजोबांची दोन भावंडं त्यात गेली. तीच साथ 1896 मध्ये मुंबईत आणि तिथून पुण्यात पोचली. आणि 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई गेल्या, त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच. मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या दत्तक मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं होतं.

पाच हजारच्या नोटेवर त्सुदा उमेको आहेत. सहा वर्षांच्या असताना त्यांना शिकायला अमेरिकेला पाठवलं होतं, परत येऊन 1900 मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. त्या दिवशी दोन्ही नोटा शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले. मुलींची शाळा आणि प्लेग, दोन माणसांची दोन कामं. आमच्याकडे ही दोन्ही एकाच बाईनं केली, शाळा तर 1848 मध्येच. माझं उत्तर तयार आहे: सावित्रीबाई. हातात पाटी नको, पाठीवर ते पोर असू द्या.

बर्गन, नॉर्वे

मी वेसाव्याचा. आई अजून मासे विकते. तिच्या बटव्यातल्या नोटा कायम ओलसर, एखादीला खवला चिकटलेला. लहानपणी मला त्या नोटा शाळेत काढायची लाज वाटायची.

इथल्या नोटांवर आता माणूसच नाही. सगळा विषय समुद्र. दोनशे क्रोनरवर कॉड मासा, शंभरवर गोकस्टाडचं जुनं जहाज, पन्नासवर दीपगृह, पाचशेवर समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी बोट. इथं रोख पैसे फारसे कोणी वापरत नाही, पण दोनशेची एक नोट मी मुद्दाम जपली आणि गावी नेली. आईनं ती उजेडात धरून पाहिली. "म्हावरं हाय यावर," म्हणाली आणि शेजारणींना दाखवत फिरली. पापलेट आणि शिडाची होडी आपल्या नोटेवर यावी असं मला मनापासून वाटतं. आपल्या देशाचं पोट किनाऱ्यानंही भरलंय.

मॉरिशसहून

आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले. इथं प्रत्येक नोटेवर वेगळा माणूस आणि ही माणसं निरनिराळ्या समाजांची: पंचवीसवर चिनी वंशाचे आ-शुएन, शंभरवर तमिळ सीनीवासेन, दोनशेवर अब्दुल रझाक मोहम्मद, दोन हजारवर रामगुलाम. मराठी माणूस कोणत्याच नोटेवर नाही. वडिलांना याची खंत होती, मलाही आहे. आम्ही थोडे असलो तरी ऊस आम्हीही तोडला.

पण चेहऱ्यांइतकीच अक्षरंही जिव्हारी लागतात. 1998 मध्ये नव्या नोटांवर देवनागरी तमिळच्या वर गेली. तमिळ लोक पेटून उठले आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. आम्ही देवनागरीवाले, तरी मला तमिळांचंच बरोबर वाटलं. आधी होता तो मान काढून घ्यायचा नसतो.

फोंडा, गोवा

आजीच्या पेटाऱ्यात पोर्तुगीज अमदानीतली रुपियाची नोट होती. त्यावर लांब दाढीचा अल्बुकर्क, 1510 मध्ये गोवा जिंकणारा. याच्या माणसांपासून देव लपवून आपण इकडे आणले, असं आजी सांगे, आणि बाजारहाट मात्र त्याच्याच तोंडावर करावा लागायचा. आता नोटेच्या मागच्या पंधरा भाषांत कोंकणी सहावी आणि मराठी आठवी. आमच्या घरात दोन्ही बोलतात. मला चेहरा नाही दिला तरी चालेल, त्या दोन ओळी तेवढ्या राहू द्या.

सोलापूरहून

मी जन्मांध आहे, शाळेत संगीत शिकवतो. वरचं सगळं मुलीनं वाचून दाखवलं. मला नोटेवरचं कोणीच दिसत नाही, मला कडा कळतात. नोट मी बोटांच्या पेरांवर मोजतो. दोनशेची 146 मिलिमीटर लांब, पाचशेची 150, रुंदी दोन्हींची सारखी. फरक चार मिलिमीटरचा. कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात: शंभरला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन गोल, पाचशेला पाच. नोट कोरी असेपर्यंत त्या हाताला लागतात. दोन-चार महिने बाजारात फिरली की सपाट. मागच्या दिवाळीत भाजीच्या गाड्यावर दोनशे समजून मी पाचशे दिली. बाईंनी हाक मारून परत बोलावलं, "गुरुजी, ही मोठी हाय." नोटेवर सावित्रीबाई याव्यात, पापलेटही यावं. मात्र जे काही छापाल ते इतकं ठसठशीत छापा, की झिजलेल्या नोटेवरही माझ्या अंगठ्याला लागेल.